‘टेस’ बघताना सासूबाई उठून का गेल्या: एका पटकथालेखिकेचं लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत मांडते, म्हणजे मी बरोबर समजलेय का ते तुम्हालाही कळेल. तुम्ही आणि सासूबाईंनी चार रात्री, रोज एक भाग असं करत बीबीसीची २००८ ची ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ बघितली, तुम्ही शेजारी बसून त्यांना मराठीत सांगत होतात. लग्नाच्या रात्री टेस आधी अ‍ॅलेकने तिच्याशी काय केलं आणि त्यातून झालेलं मूल कसं गेलं ते सगळं खरं सांगून टाकते आणि नवरा, एंजल, तिला सोडतो, तिथे सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. शेवटचा भाग संपल्यावर एवढंच म्हणाल्या की फासावरच द्यायची होती तर त्या पोरीला एवढं राबवून कशाला घेतलं. नंतर तुम्ही बाकीच्यांची मतं वाचायला गेलात तर तिथे भांडणच चालू. अर्धे लोक एंजलला शिव्या घालतायत, काहीजण म्हणतायत अ‍ॅलेक निदान परत तरी आला, काहीजण म्हणतायत हिने सांगितलंच कशाला, आणि बरेचजण म्हणतायत शेवट बदलायला हवा होता. तुमचं विचारणं असं की एवढ्या लोकांना शेवट नकोसा झाला म्हणजे मालिका कुठेतरी फसली का, की मूळ कादंबरीच तशी आहे, आणि अकरावीतल्या मुलीला ही दाखवावी का.

मी चोवीस वर्षं मराठी टीव्हीसाठी लिहितेय, सुरुवातीला नुसते संवाद, मग पटकथा, त्यातल्या दोन मालिका कादंबऱ्यांवरून केलेल्या. टेस एम.ए.ला असताना पहिल्यांदा वाचली आणि नंतर काम म्हणून दोनदा, पेन्सिल घेऊन. तेव्हा मी सांगतेय ते बनवणाऱ्याच्या बाजूने. आणि एक गोष्ट आधीच कबूल करते, कोणाला कुठे लागेल हे खूपसं बघणाऱ्यावर आहे, त्याचं वय काय, त्याने घरात काय बघितलंय, शेजारी कोण बसलंय. कसं बघितलं यावरही आहे. बीबीसीने ही मालिका सप्टेंबर २००८ पासून दर रविवारी एक भाग अशी दाखवली, म्हणजे त्या लोकांना एका धक्क्यातून बाहेर यायला आठवडा मिळत होता. तुम्हाला एक दिवस मिळाला. सासूबाईंच्या डोक्यात आदल्या रात्रीचं सगळं ताजं होतं, त्यामुळे त्यांचं उठून जाणं मला अगदी समजतं.

आता मूळ मुद्दा. तुम्ही शेवटाबद्दल विचारताय पण मला वाटतं दुखणं शेवटाचं नाहीये. दुखणं असं आहे की पडद्यावर टेसच्या बाजूने बोलणारं कोणीच उरत नाही.

पुस्तकात एक माणूस सतत तिच्या बाजूने उभा असतो, तो म्हणजे स्वतः लेखक, थॉमस हार्डी. कादंबरीच्या नावाखालीच त्याने लिहिलं की ही एका शुद्ध स्त्रीची गोष्ट आहे, आणि ते १८९१ साली लिहिलं, जेव्हा लग्नाआधी मूल झालेल्या बाईला शुद्ध म्हणणं म्हणजे लोकांच्या अंगावर जाणं होतं. पुढे पानोपानी तो मधे येतो. अ‍ॅलेक तिला रात्री जंगलात नेतो आणि टेस तिथे झोपलेली असते तेव्हा तो कथा थांबवून विचारतो की हिचा रक्षण करणारा देवदूत आत्ता होता कुठे. तान्हं मूल जातं आणि पाद्री त्याला नीट दफन करू देत नाही तेव्हा तो तुम्हाला स्मशानाच्या त्या कोपऱ्यात नेतो जिथे खाजकुइली वाढलीय आणि बाप्तिस्मा न झालेली बाळं, दारुडे, जीव दिलेले लोक पुरलेत. म्हणजे वाचताना तुम्ही एकटे नसता, एक म्हातारा खेडूत तुमच्या शेजारी बसलाय आणि तुमच्याइतकाच चिडलाय.

कॅमेरा लागला की हा माणूस जातो. १९९८ मध्ये इंग्लंडच्याच दुसऱ्या चॅनेलवर जस्टिन वॉडेलला घेऊन टेस झाली होती, त्यात निवेदकाचा आवाज ठेवून थोडा प्रयत्न केलेला होता. पण आवाज ठेवला की सीन थंड पडतो, हे मी स्वतः करून बघितलंय, बघणारा चेहऱ्याकडे बघायचं सोडून ऐकायला लागतो. २००८ च्या मालिकेत पटकथा डेव्हिड निकल्सची, दिग्दर्शन डेव्हिड ब्लेअरचं, त्यांनी सगळा भार टेस झालेल्या जेमा आर्टरटनच्या चेहऱ्यावर टाकला. माझ्या मते टीव्हीसाठी हेच बरोबर. पण मग होतं काय, वकील गेला की कोर्टातली गर्दीच वकिली करायला लागते. तुम्ही वाचलेलं ते भांडण म्हणजे तेच आहे. हार्डी जे काम पुस्तकात करतो ते काम तिथे लोक करतायत, काही टेसच्या बाजूने आणि काही दुर्दैवाने विरुद्ध.

मला हे कसं कळलं ते सांगते. माझ्या दुसऱ्या मालिकेत एक कडक सासू होती. मूळ कादंबरीत लेखकाचा तिच्यावर फार जीव होता, ती अशी का झाली हे त्याने चार पानं लिहिलं होतं, आणि ती चार पानं अशी की वाचून तिच्या पाया पडावंसं वाटेल. मी प्रामाणिकपणे तिचे सगळे सीन घेतले, सगळे संवाद घेतले, ती चार पानं तेवढी गेली कारण त्यात काही घडतच नव्हतं. तीन आठवड्यांत लोक तिचा इतका राग करायला लागले की ते काम करणाऱ्या बाईंना मंडईत एका आजींनी थांबवून सुनावलं. चूक माझी होती. लेखकाची माया मी पडद्यावर आणलीच नव्हती. मग आम्ही एक सीन वाढवला, एकही संवाद नाही, ती रात्री कपाटातून गेलेल्या मुलाचा सदरा काढते, झटकते, परत घडी घालते आणि ठेवून देते. बस. पुढच्या आठवड्यापासून सूर बदलला. तेव्हापासून कुठलीही कादंबरी हातात आली की मी आधी ती वाक्यं शोधते जिथे लेखक स्वतः बोलतोय, आणि विचार करते की याचं कृतीत काय करायचं. सगळ्याचं करता येत नाही. टेसमधलं तर बरंचसं करताच येत नाही.

त्यातून हार्डीने आणखी एक अवघड करून ठेवलंय आणि हे माझं फार आवडतं आहे, म्हणून जरा थांबते इथे. या कादंबरीत जे सगळ्यात मोठं घडतं ते तो दाखवतच नाही. जंगलातली रात्र, धुकं आहे, ती झोपलीय, अ‍ॅलेक खाली वाकतो आणि प्रकरण संपतं. पुढे कितीतरी पानांनी शेतातल्या बायका आपापसात बोलतात की नुसतं मन वळवण्यापेक्षा जास्त काहीतरी झालं होतं, त्या रात्री जंगलात कोणीतरी हुंदके ऐकले होते. लग्नाची रात्र, टेस बोलायला सुरुवात करते आणि भाग संपतो, पुढचा भाग उघडतो तेव्हा तिचं सांगून झालेलं असतं. शेवटी टेसने केलेला अ‍ॅलेकचा खून, आपण खोलीत नाहीच, खालच्या मजल्यावर घरमालकीण छताकडे बघते आणि तिला लाल डाग पसरताना दिसतो. फाशी, ती पण नाही, लांब टेकडीवरून दोन माणसं तुरुंगाच्या मनोऱ्यावर काळं निशाण चढताना बघतात. चार दारं, चारही बंद. आणि याउलट मरायला टेकलेल्या बाळाचा बाप्तिस्मा, टेस मध्यरात्री लहान भावंडांना उठवून हात जोडायला लावते आणि स्वतःच पाद्री होते, ते मात्र त्याने अगदी जवळून, मेणबत्तीच्या उजेडात दाखवलंय. म्हणजे त्याला काय दाखवायचंय हे पक्कं माहीत होतं. टेसचं अपमानित होणं त्याला दाखवायचं नव्हतं, तिचं मोठेपण दाखवायचं होतं.

आता टीव्हीवाल्याने काय करायचं? दार बंद ठेवलं तर बघणारा विचारतो नक्की झालं काय, तिची संमती होती का. दार उघडलं तर बघणारा म्हणतो एवढं दाखवायची काय गरज. जंगलातल्या रात्रीबद्दल तर खुद्द हार्डीनेही आवृत्तीगणिक फेरफार केलेत, १८९१ च्या पुस्तकात अ‍ॅलेक तिला गुंगी येईल असं काहीतरी पाजतो, नंतर ते काढलं. एकशेतीस वर्षं अभ्यासक त्यावर वाद घालतायत आणि तुम्ही वाचलेल्या प्रतिक्रियांमध्येही तोच वाद आहे. मी स्पष्ट सांगते, माझ्या वाचनात तो बलात्कार आहे, ती झोपलेली होती आणि पुढे हुंदके ऐकू आले, यापेक्षा जास्त पुरावा मला नको. पण ज्या क्षणी तुम्ही ते पडद्यावर आणता त्या क्षणी नटाचा चेहरा, गाणं, प्रकाश, एक एक सेकंद बाजू घ्यायला लागतो. म्हणून त्याच सीनवरून घराघरात वेगळं बोललं जातं.

सासूबाई लग्नाच्या रात्री उठल्या, जंगलाच्या रात्री नाही, हे तुम्ही लिहिलंत ते मला फार महत्त्वाचं वाटलं. बहुतेक बायका तिथेच उठतात. कारण अ‍ॅलेककडून त्यांनी काही अपेक्षाच ठेवलेली नसते. एंजलवर त्यांनी दीड भाग जीव लावलेला असतो, त्या दुधाच्या गोठ्यावरचा तो सगळा उन्हाळा, पहाटेचं धुकं, धारा काढणं, सगळं टेसबरोबर त्यांनीही जगलेलं असतं. आणि तो माणूस आधी स्वतः सांगतो की लंडनला असताना दोन दिवस एका अनोळखी बाईबरोबर वाहवत गेलो होतो, ती लगेच माफ करते, वर तिला बरं वाटतं की चला, आता मी पण सांगू शकते. त्याला माफी मिळाली, तिला नाही. या एका हिशोबासाठी हार्डीने अख्खी कादंबरी उभी केलीय असं मला कधीकधी वाटतं. तेव्हा सासूबाई उठल्या तिथे मालिका फसली नाही, तिथेच ती लागू पडली.

आता "अ‍ॅलेक निदान परत तरी आला" म्हणणारे. मला आधी त्यांचा राग यायचा, आता कळतं की ते पडद्याच्या गणिताला बळी पडतात. कादंबरीत ५९ प्रकरणं आहेत, ती चार तासांच्या आसपास बसवायची म्हणजे काहीतरी जाणार. एंजल ब्राझीलला जातो, तिथे आजारी पडतो, एक अनोळखी प्रवासी त्याला सांगतो की तू चुकलास, मग तो माणूसही तापाने मरतो आणि ते शब्द एंजलच्या मनात राहतात, हे सगळं पुस्तकात त्याच्या मनात घडतं. पडद्यावर मनात घडलेलं म्हणजे न घडलेलं. जो फ्रेममध्ये नाही तो दोषी, हा टीव्हीचा अलिखित कायदाच आहे, आम्ही सुद्धा एखाद्या पात्राबद्दल राग वाढवायचा असेल तर त्याला दोन आठवडे दाखवत नाही. याउलट अ‍ॅलेक समोर आहे, तिच्या भावंडांना खायला देतोय, बोलतोय, हसतोय. त्यात पुस्तकातला अ‍ॅलेक वर वळवलेल्या मिशांचा, जवळजवळ नाटकातला खलनायक आहे आणि हान्स मॅथेसनने तो तसा केलेला नाही, त्याच्या डोळ्यांत मधेच एक लागल्यासारखं दिसतं. हे नटाचं काम म्हणून चांगलंच आहे. पण सतत दिसणाऱ्या माणसाची सवय होते आणि सवय म्हणजे माया नव्हे, हे बघताना लक्षात येत नाही.

एंजलचं काम केलेल्या एडी रेडमेनवर तर लोक फारच तुटून पडलेत. चेहरा कोवळा, आवाज सौम्य, त्यामुळे जखम जास्त खोल गेली. एखादा उग्र चेहऱ्याचा नट असता तर एवढा राग आला नसता, आधीपासून सावध राहिलो असतो आपण.

दोन पुरुषांच्या या प्रश्नाचं एक वेगळंच उत्तर आपल्याकडे शूट झालेलं आहे, २०११ चा ‘तृष्णा’ नावाचा सिनेमा. मायकेल विंटरबॉटमने टेस राजस्थानात आणि मुंबईत आणली, फ्रीडा पिंटो नायिका, आणि त्याने एंजल आणि अ‍ॅलेक हे दोघं मिळून एकच माणूस केला. सुरुवातीला प्रेम करणारा तोच, नंतर वापरणाराही तोच. काहींना हे अजिबात पटलं नाही. मला वाटतं त्याने हार्डी बरोबर वाचला होता, की टेसच्या बाजूने बघितलं तर त्या दोघांत आपण समजतो तेवढा फरक नाही, एकाने तिला वस्तू केलं आणि दुसऱ्याने मूर्ती. माणूस म्हणून दोघांनीही बघितलं नाही. (नूतनची ‘दुल्हन एक रात की’, १९६७ ची, ती पण याच कादंबरीवरून. सासूबाईंना ती बहुतेक आठवत असेल, विचारून बघा, बोलायला विषय होईल.)

ती परत अ‍ॅलेककडे गेलीच का, हा प्रश्न तर मला दर वेळी ऐकू येतो आणि इथे मी मालिकेला थोडा दोष देते. पुस्तकात त्याचं उत्तर अगदी हिशोबाने दिलंय. टेसचं घर तीन माणसांच्या हयातीच्या कराराने मिळालेलं होतं, ज्यांच्या नावावर करार आहे त्यातला शेवटचा माणूस गेला की घर गेलं. तो शेवटचा माणूस म्हणजे तिचा बाप. बाप वारतो आणि आई, टेस आणि सहा धाकटी भावंडं सामान गाडीवर टाकून रस्त्यावर येतात. ज्या घराण्याच्या नावाचा बापाला गर्व होता त्याच घराण्याच्या थडग्यांपाशी, चर्चच्या भिंतीला लागून, त्यांना रात्र काढायला पलंग मांडावा लागतो. याच्या आधी तिने हिवाळ्यात गोठलेल्या रानात सलगम खणलेत, मळणी यंत्रावर दिवसभर उभी राहिलीय, एंजलला पत्रं पाठवलीत आणि उत्तर नाही. हे सगळं धरलं तर ती गेली का हा प्रश्नच उरत नाही, ती इतके दिवस गेली नाही कशी असा प्रश्न पडतो. टीव्हीवर करार कसा दाखवणार? गाडीवरचं सामान दाखवतात, लोकांना वाटतं घर बदलतायत. मी असते तर अगदी पहिल्याच भागात बापाच्या तोंडी, दारू पिऊन का होईना, एक वाक्य घातलं असतं की मी आहे तोवर छप्पर आहे. मग शेवटच्या भागात तो मेल्यावर कोणाला काही समजावायची गरज पडली नसती.

गालिच्याखाली गेलेल्या चिठ्ठीला बरेचजण हसले असं तुम्ही लिहिलंय, की हे तर आपल्या सिरियलसारखं झालं. तिने लग्नाआधी सगळं लिहून दाराखालून सरकवलं, ते गालिच्याखाली गेलं आणि त्याला मिळालंच नाही. खरं सांगते, मी असा सीन लिहिला तर दिग्दर्शक मला परत पाठवेल. पण नीट बघा, लग्नाच्या आधी तिला कळतं की चिठ्ठी पोचली नाही. ती चिठ्ठी काढून घेते आणि फाडून टाकते. त्यानंतरही ती त्याला म्हणते की मला काहीतरी सांगायचंय आणि तो हसून म्हणतो नंतर बोलू. म्हणजे गालिच्याने फक्त काही दिवस लांबवलं. दार बंद केलं ते त्याच्या ऐकून न घेण्याने. हे बघताना निसटतं कारण चिठ्ठी डोळ्यांना दिसते आणि "नंतर बोलू" हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की कानावरून जातं.

आता शेवट. लोकांना तो बदलायचाय यात नवीन काहीच नाही. कादंबरी आधी दोन मासिकांनी परत केली. मग ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकात १८९१ मध्ये क्रमशः आली ती हार्डीने स्वतः कापून, जंगलाच्या रात्रीऐवजी खोटं लग्न लावल्याची गोष्ट घालून, बाळाचा बाप्तिस्मा पूर्ण गाळून. पाणी साचलेल्या रस्त्यावरून एंजल गवळणींना उचलून पलीकडे नेतो ते सुद्धा संपादकाला चालेना, तर साप्ताहिकात तो त्यांना ढकलगाडीत बसवून नेतो! एवढं सगळं बदलायला तो तयार झाला पण फाशी त्याने ठेवली. पुस्तक आल्यावर जे झालं ते तुम्ही वाचलेल्या भांडणासारखंच आहे. अ‍ॅबरकॉर्नच्या डचेसने हार्डीला सांगितलं होतं की तिच्या जेवणाच्या टेबलावर पाहुणे टेसवरून हमरीतुमरीवर येतात, म्हणून ती आता आधीच विचारते, टेसच्या बाजूचे की विरुद्धचे, आणि त्याप्रमाणे गट पाडते. फासावर जायच्याच लायकीची होती म्हणणारे एका बाजूला, बिचारी निष्पाप म्हणणारे दुसऱ्या बाजूला. डचेस स्वतः दुसऱ्या गटात.

हार्डी फाशीबद्दल एवढा हट्टी का होता याचं एक कारण त्याच्या आयुष्यात आहे. तो सोळा वर्षांचा असताना, १८५६ मध्ये, डॉर्चेस्टरच्या तुरुंगाबाहेर मार्था ब्राउन नावाच्या बाईला फाशी दिली ती त्याने गर्दीत उभं राहून बघितली. तिने मारणाऱ्या नवऱ्याचा खून केला होता. म्हातारपणीसुद्धा त्याला ते दृश्य, पावसात भिजलेले तिचे काळे कपडे, आठवत होते. टेस म्हणजे मार्था असं मी म्हणणार नाही. पण जिवंत बाईचा असा शेवट डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला तुम्ही सांगा बरं, की जरा गोड करा.

आणि शेवट बदलला की काय होतं ते माझ्याच हातून झालंय. माझ्या पहिल्या मालिकेत, कादंबरीत शेवटी नायिका जाते. चॅनेलने सांगितलं नायिका मरता कामा नये, लोक टीव्ही बंद करतील. मी नवीन होते, लिहून दिलं, ती दुखण्यातून उठते आणि भावाकडे निघून जाते. शेवटचा भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी एका वयस्कर गृहस्थांचा निर्मात्याच्या ऑफिसात फोन आला, मी तिथेच होते म्हणून मला दिला. ते चिडले नव्हते, उलट हळू बोलत होते. म्हणाले, "ती वाचली याचा आनंद झाला हो, पण मग त्या घरातल्या लोकांना काय झालं? ते तर रात्री नीट जेवले आणि झोपले." मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी अगदी नेमकं सांगितलं होतं. नायिकेला वाचवताना मी तिच्या सासरच्या प्रत्येक माणसाला सोडून दिलं होतं. टेस वाचली असती तर एंजल सुटला असता, पाद्री सुटला असता, घर काढून घेणारे सुटले असते, आणि आपणही टीव्ही बंद करून झालं एकदाचं छान म्हणून झोपलो असतो. सासूबाई दोन दिवस अस्वस्थ राहिल्या त्या टेस सुटली नाही म्हणून, आणि त्यातलं कोणीच सुटलं नाही म्हणूनही.

शेवट माहीत असला की बघण्यात मजा नाही असं काहीजणांनी लिहिलंय, त्याबद्दल एवढंच म्हणेन की आपल्याकडे दूरदर्शनवर ‘स्वामी’ लागायची तेव्हा माधवराव थेऊरला जाणार आणि रमाबाई सती जाणार हे शाळेतल्या पोरालाही माहीत होतं. तरी घराघरात लोक श्वास रोखून बसायचे, मी बघितलंय आमच्या वाड्यात. शोकांतिकेत काय होणार यापेक्षा अजून थांबवता येईल का हेच आपण बघत असतो, माहीत असूनही.

डेव्हिड निकल्सबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. टेस एका ठिकाणी आरशात बघताना विचार करते की आपल्याला आपला वाढदिवस माहीत आहे, पण एक आणखी तारीख असणार, मरणाची, जी दर वर्षी गुपचूप येऊन जाते आणि आपल्याला कळतही नाही. निकल्सने सांगितलंय की त्याच्या ‘वन डे’ या कादंबरीची कल्पना त्या उताऱ्यावरून सुचली. दर वर्षीची एकच तारीख, १५ जुलै. २०२४ मध्ये त्याची नेटफ्लिक्सवर मालिका आली आणि पुन्हा तेच, लोक रडले, चिडले, शेवट बदला म्हणाले. टेस लिहिणाऱ्याचं दुःख असं एका हातातून दुसऱ्या हातात गेलंय.

तर तुमच्या तिन्ही प्रश्नांचं थोडक्यात: मालिका फसलेली नाही, निवेदक गेल्यामुळे रागाला जागा शोधावी लागली एवढंच. शेवट बदलायला नको होता. आणि मुलीचं म्हणाल तर ते तुमच्या मुलीवर आहे. अकरावीचं वय कमी नाही, टेस स्वतः त्याच वयाची असते जेव्हा तिला अ‍ॅलेकच्या घरी कामाला पाठवतात, आणि आई तिला आधी काहीच सांगत नाही. पुढे टेस आईला हेच विचारते की पुरुषांपासून धोका असतो हे मला सांगितलं का नाहीस, श्रीमंत घरच्या मुलींना कादंबऱ्या वाचून तरी कळतं. मी माझ्या मुलीला दाखवली, पण पहिला भाग संपल्यावर टीव्ही बंद केला आणि आम्ही बोललो, जवळजवळ तासभर, तिने मला विचारलं त्यातलं काही मलाही सोपं गेलं नाही. तुमची मुलगी जर एकटीच मोबाईलवर बघणार असेल तर थांबा. तुमच्या शेजारी बसून बघणार असेल तर दाखवा, आणि रोज एक नको, मधे दोन-तीन दिवस जाऊ द्या.

पुस्तक तुम्ही स्वतः वाचाच. सगळं एकदम झेपत नसेल तर आधी बाप्तिस्म्याचं प्रकरण वाचा, चौदावं. आणि ते सासूबाईंना मराठीत सांगा, रात्री जेवणं झाल्यावर, घाई न करता. त्या पोरीला एवढं राबवून कशाला घेतलं असं त्यांनी विचारलं होतं ना, त्या बाप्तिस्म्याच्या रात्री ती राबत नाहीये, सगळ्या घरात तीच एकटी उभी आहे आणि लहान भावंडं तिच्याकडे देवाकडे बघावं तशी बघतायत.